पोपट, नाना, बाळू रंगनाथ

नात्यातल्या लग्नात कुणीतरी हमखास विचारतं, "मंगलताई, तुम्ही इतकी वर्षं कॉम्प्युटरवर नेमकं करत काय होता?" पूर्वी मी 'सॉफ्टवेअर' म्हणायचे. ते ऐकून माणसं मान डोलवायची आणि स्वतःच्या मोबाईलमधला बिघाड दाखवायला बसायची. आता निवृत्त झाल्यावर खरं तेच सांगते. सलग मजकुराचे तुकडे करून ते खणांत ठेवत होते. यावर पुढचा प्रश्न येत नाही.

तरी इथे थोडं समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कॉम्प्युटरला आपण 'कांदे, बटाटे, लसूण' असं टाइप करून दिलं, तर त्याला त्यात तीन जिन्नस दिसत नाहीत. त्याला अक्षरांची एक लांब माळ दिसते आणि मधले स्वल्पविराम, मोकळ्या जागा हेही त्या माळेतले मणीच. तिला आमच्यात स्ट्रिंग म्हणतात. 'त्यातले बटाटे दे' म्हटलं तर यंत्र बघत राहतं. त्यासाठी माळ तोडून एकेक जिन्नस वेगळ्या खणात ठेवावा लागतो, आपण मिसळणाच्या डब्यात हळद, मोहरी, जिरं ठेवतो तसा. त्या खणांच्या डब्याला म्हणायचं अ‍ॅरे. मग 'दुसऱ्या खणातलं दे' किंवा 'प्रत्येक खणातल्याला निरोप धाड' म्हटलं की काम मुकाट होतं. माळ कुठे तोडायची हे मात्र माणसानेच सांगायचं असतं. माझी सगळी नोकरी या एका वाक्यात आली.

माझा जळफळाटही त्यातच आला. माळ कुठे तोडायची हे माझ्याइतकंच, आणि पुष्कळदा माझ्या आधी, हेमाला कळायचं.

हेमलता नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडची, डोंगरातली. मी त्याच जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातली, कोरड्या रानातली. दोघी साधारण एकाच वयाच्या. नगरला सावेडीत एका दुकानाच्या वर दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. सोसायट्या, शाळा, मंगल कार्यालयं, जो येईल त्याला आम्ही प्रोग्राम करून द्यायचो. सर होते, एक हिशेबनीस होते आणि प्रोग्राम लिहिणारी मी एकटी होते. हेमा येईपर्यंत. मग 'प्रोग्रामवाल्या मॅडम' म्हणून कुणी हाक मारली की दोन माना वर व्हायला लागल्या.

ती आली त्या दिवशीचा प्रसंग मला अजून टोचतो. एक बोर्ड रंगवणारे गृहस्थ आमच्याकडे यायचे. त्यांनी अक्षरं कापायचं मशीन घेतलं होतं आणि त्यांना दुकानांची नावं उभी, एकाखाली एक अक्षर अशी हवी होती. मला वाटलं, यात काय आहे? नावाची माळ तोडायची, मणी खणात टाकायचे, एकाखाली एक छापायचे. मी 'दुर्गा' लिहून दिलं. पडद्यावर आधी द आला, मग त्याच्या खाली एकटाच उकार एका ठिपक्यांच्या गोलाला लटकलेला, मग र, मग पाय मोडल्याची खूण, मग ग आणि शेवटी नुसता काना. आपल्याला जे एक अक्षर वाटतं ते यंत्राच्या लेखी दोन-तीन मणी असतात, हे मी विसरले होते.

गृहस्थांनी चष्मा पुसला. "मॅडम, ह्यो उकार कुनाचा? पोरका दिसतोय."

हेमा नुकतीच येऊन पिशवी ठेवत होती. ती माझ्या खांद्यावरून वाकली आणि म्हणाली, "अगं, तोंडाने म्हणून बघ ना. जिथे आवाज तुटतो तिथे तोड." जेवणाच्या सुट्टीच्या आत तिने ते करून दिलं. दुपारी तिने डबा उघडला तर त्यात तिच्याकडचा काळभात, डोंगरातला वासाचा तांदूळ. त्या वासाने शेजारच्या शिंप्यापर्यंत सगळे गोळा झाले. माझी बाजरीची भाकरी आणि ठेचा कुणी विचारला नाही. एकाच दिवसात माझं काम गेलं आणि माझा डबाही मागे पडला. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या आणि त्या ठेच्यातल्या नव्हत्या.

ती वाईट असती तर माझं सोपं झालं असतं. ती काम लपवायची नाही, मागे बोलायची नाही, माझ्या मुलाच्या आजारपणात माझं काम करून ठेवायची आणि त्याचा उच्चारही करायची नाही. अशा बाईचा हेवा करणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटण्यासारखं. आपलंच दुखतं.

तिचा खरा मान वाढला तो 'डबा'मुळे. झालं असं, की एका शाळेला पालकांच्या मोबाईलवर निरोप पाठवायचे होते. कुणाचे दोन नंबर असायचे, कुणाचा एकच, कुणाचा काहीच नाही. दोन असले की नंबरांचा अ‍ॅरे यायचा आणि प्रोग्राम एकेका खणातल्या नंबराला निरोप पाठवायचा. पण एकच असला की नुसता नंबर यायचा, अ‍ॅरे नसायचा. यंत्र मग त्या नंबरालाच डबा समजायचं आणि त्यातल्या एकेका आकड्याला निरोप धाडत बसायचं. नऊ या नंबराला निरोप पोचत नाही, आठला पोचत नाही. मुख्याध्यापक फोनवर म्हणाले, "मॅडम, ज्यांच्या घरी दोन मोबाईल त्यांना सुट्टी कळली. ज्यांच्या घरी एक, त्यांची मुलं दारात उभी आहेत."

असली दुखणी माझ्या प्रोग्रामांत जागोजागी होती आणि मी जागोजागी ठिगळं लावत होते. इथे विचार की एकटा आहे का, तिथे विचार की रिकामं आहे का. हेमाने एकदाच, एका जागी, छोटं काम लिहिलं. काहीही येऊ दे, एकटा नंबर, स्वल्पविरामांची माळ, आधीचाच अ‍ॅरे किंवा काहीच नाही, त्याचा अ‍ॅरेच करून द्यायचा. एकटा असला तर एका खणाचा डबा. काहीच नसलं तर रिकामा डबा. पण डबाच. तिने त्याचं नावही 'डबा' ठेवलं. सर म्हणाले, "आजपासून सगळीकडे हेच वापरायचं."

मला त्यातलं काही नवं नव्हतं. एकेक तुकडा मला येत होता. पण तो एकत्र करून एका जागी ठेवावा हे मला सुचलं नाही आणि तिला सुचलं. हेवा खरा असतो तो इथे. जे आपल्याला येत नाही त्याचं माणूस कौतुक करू शकतं. जे आपल्याही हातात होतं आणि दुसऱ्याने उचललं, ते पोटात राहतं. त्या दिवसापासून ऑफिसातल्या प्रत्येक प्रोग्रामात माझ्या ओळींच्या मधोमध तिचा 'डबा' येऊन बसला. स्वतःच्या घरात सवतीची भांडी वापरावीत तसं मला व्हायचं.

आणि मग एका उन्हाळ्यात तो डबा फुटला.

कर्जत तालुक्यात, कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, एक पाणी वापर संस्था आहे. धरणातून ठरावीक दिवस पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. ते पाणी चारीने, म्हणजे छोट्या पाटाने येतं आणि शेतकऱ्यांनी पाळीपाळीने घ्यायचं असतं. आपल्या पाळीला माणूस दारं धरायला, म्हणजे पाणी आपल्या रानात वळवायला, हजर नसला तर पाणी पुढच्याच्या रानात जातं. टोकाच्या गावाला पाणी आधीच कमी, त्यामुळे तिथे कुणी कुणाची वाट बघत नाही. पाळीचा निरोप आदल्या दिवशी मोबाईलवर जाईल असा प्रोग्राम आम्ही त्यांना दिला होता. एका जमिनीमागे एक निरोप, घरातल्या थोरल्याला. तो प्रोग्राम मी लिहिलेला. गावात भांडणं मात्र झाली. "तुला निरोप आला, मला का सांगितला न्हाई?" म्हणून भाऊ भावाच्या उरावर. संस्थेने ठरवलं, सामाईक जमिनीतल्या प्रत्येकाला वेगळा निरोप जावा. म्हणजे नावांची माळ तोडायची. म्हणजे हेमाचा डबा. ते काम हेमाकडे गेलं.

सकाळची वेळ होती. फोन हेमाने उचलला आणि लगेच कानापासून लांब धरला. खोलीभर आवाज आला.

"त्या मशीनवाल्या बाया तुमीच का? आमचं पानी शेजाऱ्याच्या रानात गेलं! लिंबुनी उभ्या वाळत्यात हितं. निरोप कुठं गेला आमचा?"

ही सिंधूबाई. तिची लिंबाची बाग. तिचा नवरा नाना, थोरला दीर पोपट आणि धाकटा दीर बाळू, तिघांची सामाईक जमीन. पोपट आणि नाना गावात राहून रान बघतात. बाळू सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. पोपटला निरोप नाही, नानाला नाही. बाळूला आला. त्याला वाटलं, आता सगळ्यांनाच येतो, भावांना आलाच असेल. तो कामावर गेला.

हेमाने प्रोग्राम उघडला. मी उठले नाही, पण माझी मान तिकडेच होती. संस्थेने सातबाऱ्यावरून नावं दिली होती. पडद्यावर ओळ होती: पोपट, नाना, बाळू रंगनाथ ढवळे.

मी जागेवरूनच ओळखलं. तीन भावांच्या नावापुढे बापाचं नाव आणि आडनाव तीनदा लिहायचं नाही, शेवटच्या भावापाशी एकदाच लिहायचं, ही आपल्याकडची रीत आहे. वाचणाऱ्याला कळतं की रंगनाथ ढवळे तिघांचे आहेत. हेमाच्या डब्याने स्वल्पविराम दिसला की तोडलं. पहिल्या खणात नुसता पोपट, दुसऱ्यात नुसता नाना आणि तिसऱ्यात अख्खा बाळू रंगनाथ ढवळे. मोबाईलच्या यादीत पूर्ण नावं होती. नुसता पोपट तिथे कुणी सापडला नाही, म्हणून यंत्राने त्याला गुपचूप सोडून दिलं. गावात जेवढी सामाईक घरं, तेवढ्या घरांतल्या शेवटच्या भावालाच निरोप जात होता, आणि शेवटचा भाऊ बहुतेक बाहेरगावी नोकरीला. हेमाने तो प्रोग्राम तिच्या गावातल्या नावांवर चालवून पाहिला होता. ती तिने स्वतः टाइप केलेली, प्रत्येक नाव पूर्ण.

मला आनंद झाला. झाला, लपवून काय करू? सिंधूबाईची बाग वाळत होती, हेमाचा चेहरा उतरला होता आणि माझ्या छातीत दिवाळी होती. अखेर हिचंही चुकलं. आणि चुकलं ते नेमकं मला येतं तिथे. वडील गेल्यावर माहेरच्या सातबाऱ्यावर आमची नावं लागली ती अशी: दत्तू, मंगल, शिवाजी भानुदास. हेमाच्या डब्याने मला तर केव्हाच हरवून टाकलं असतं.

सरांनी संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावला. आवर्तन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद होणार होतं. पाळ्या सकाळपर्यंत संपत होत्या, म्हणजे पाणी थांबेपर्यंत थोडी सवड होती. हुकलेल्यांना त्या सवडीत पुन्हा पाणी द्यायला अध्यक्ष तयार झाले, पण एका अटीवर. "आज दिस मावळायच्या आत ज्येच्या त्येच्या मोबाईलवर निरोप पडला पायजे. तोंडी सांगितलेलं कुनी ऐकत न्हाई. पाटावर कुऱ्हाडी निघत्यात." पुढचं आवर्तन पावसाळ्याच्या तोंडाला. तोवर बहार गळून गेला असता आणि झाडं राहिली असती की नाही कोण जाणे.

"मी करते," मी म्हणाले. इतक्या वर्षांत मी एवढ्या चटकन काही म्हटलं नव्हतं.

हेमाने मला जागा दिली आणि पिशवी उचलली. "मी कर्जतला जाते."

"आत्ता?" मी म्हणाले. "इथे आग लागलीय आणि तू एसटीत बसतेस?"

"ती बाई माझ्यामुळे रडत होती, मंगल. फोनवर काय सांगू तिला?" आणि गेली.

मला वाटलं, पळाली.

काम म्हटलं तर छोटं होतं. तोडून झाल्यावर खण शेवटाकडून सुरुवातीकडे तपासत यायचे. ज्या खणात नुसतं एकच नाव असेल, त्याने उजवीकडच्या खणातून बापाचं नाव आणि आडनाव उसनं घ्यायचं. बाळूकडून नानाला मिळालं, नानाकडून पोपटला. मग एका ओळीत दोन बापांची मुलं आली, चुलतभाऊ. तिथे ज्याचा त्याला बाप मिळाला, कारण प्रत्येकजण आपल्या उजवीकडच्याकडूनच घेत होता. 'व इतर' असं लिहिलेलं होतं तिथे मात्र यंत्र 'इतर' नावाचा माणूस शोधायला लागलं. ती घरं वगळून त्यांची नावं विचारायला हिशेबनिसांना फोनवर बसवलं. चहाच्या वेळेला सगळं जुळलं. मी शेवटी माझ्या माहेरची ओळ घालून बघितली. दत्तू भानुदास, मंगल भानुदास, शिवाजी भानुदास. तिन्ही खण भरले. मला माझंच नाव बघून उगीच भरून आलं.

तेवढ्यात हेमाचा फोन. आवाजात धाप. "मंगल, मी चारीवर आहे. वस्त्या पालथ्या घातल्या, ज्यांना ज्यांना सोडलं होतं त्यांना गोळा केलंय. झालं का गं?"

"झालं," मी म्हणाले आणि बटण दाबलं.

फोन चालूच होता. पलीकडे वारा, माणसांची कुजबुज, कुठेतरी कुत्रं. मग एका मोबाईलची टिंग. मग दुसऱ्याची. मग एक बाई ओरडली, सकाळचाच आवाज, "आला! पोपटभावजींचा आला! यांचा बी आला! आवं हेमाताई, आला!"

सगळे हसायला लागले. हेमाताई, हेमाताई. नगरच्या खोलीत फोन कानाला लावून मी ते सगळं ऐकलं. निरोप मी पाठवला होता. नाव तिचं गाजत होतं.

दुसऱ्या दिवशी सिंधूबाईच्या बागेत पाणी फिरलं. हेमा रात्री त्यांच्याकडेच राहिली, सकाळी त्यांच्याबरोबर चारीवर उभी होती, आणि मग पिशवीभर लिंबं घेऊन परत आली. पायाला चिखल, तोंड उन्हाने काळवंडलेलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, याला म्हणतात जबाबदारी. ही स्वतः गेली." मी केलेली दुरुस्ती त्यांनीही वाखाणली, नाही असं नाही. "मंगलताईंनी पण चांगली साथ दिली," म्हणाले. साथ! तबलजी आहे का मी? चूक करणारीचा सत्कार आणि निस्तरणारीला साथीचा मान. चुकायचं असतं तर हेमासारखं चुकावं, असं मी त्या दिवशी घरी जाऊन बोलले.

त्या वर्षापासून सिंधूबाईकडून हेमाला दर उन्हाळ्यात लिंबांची पिशवी येते. कुणी नगरला येणारा असला की त्याच्या हाती, नाहीतर एसटीच्या कंडक्टरजवळ. निम्मी लिंबं हेमा मला आणून देते. आम्ही दोघी निवृत्त झालो तरी त्यात खंड नाही. मी त्यांचं लोणचं घालते आणि दर वर्षी घरात सांगते, साल जाड आहे, रस कमी आहे. घरचे पहिल्याच आठवड्यात बरणी अर्धी करतात.

यंदा हेमाचा मोबाईल पाण्यात पडून बंद झाला होता. सिंधूबाईने सरांना गाठलं, सरांनी तिला माझा नंबर दिला.

"हॅलो, हेमाताई हायती का? लिंबं धाडायची हुती."

"तिचा फोन बिघडलाय. मी सांगते तिला."

"बरं बरं. तुमी कोन?"

साधा प्रश्न. पण इतकी वर्षं पोटात दाबलेलं सगळं त्या प्रश्नाने वर आलं. मी म्हणाले, "मी मंगल. तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. आणि सिंधूबाई, एक सांगू? तेव्हा तुमच्या घरच्या नावांचं जे काम झालं ना, निरोप आले, ते मी केलं होतं. हेमाने नाही."

"ठावं हाय की," ती म्हणाली.

"कसं?"

"हेमाताईच बोलल्या, पयल्याच दिशी. चारीवर उभं ऱ्हाऊन समद्यांला सांगितलं त्यांनी. चूक माजी हाय, आन् नीट करनारी तिकडं हापिसात बसलीय, मंगल म्हून. दर साली फोनवर त्येच. लिंबं घेतानी म्हंत्यात, यातली निम्मी मंगलची हायती."

मग मी जरा चिडूनच म्हणाले, "मग मला कधी एक फोन नाही केलात."

"आवं ताई, तुमाला कुठं पायलंय आमी?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती आपली जे होतं ते सांगत होती. "पानी तुमी दिलं, न्हाई कोन म्हंतंय? पर त्या आल्या. भर उनात बांधाबांधानं फिरल्या. तुमी न्हाई आल्या."

मग तीच म्हणाली, "मंग या की आता. लिंबुनी बघा. तुमीच वाचवल्यात त्या."

मी फोन ठेवला. इतकी वर्षं मी हेमाच्या हुशारीचा हेवा केला, तिच्या नावाचा केला, तिच्या काळभाताचासुद्धा केला. आणि जे खरोखर हेवा करण्यासारखं होतं, ते ती एसटीत बसून घेऊन गेली होती आणि मी त्याला पळून जाणं म्हटलं होतं. आता मला त्याचाही हेवा वाटतो. जुनं दुखणं आहे, एका फोनने बरं होत नाही.

दिवाळी झाली की कर्जतच्या एसटीत बसणार आहे. चारी बघायची आहे, बाग बघायची आहे, पोपट आणि नाना ही माणसं कशी दिसतात ते बघायचं आहे. हेमाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तीही येईल, आणि मग सिंधूबाई आधी तिच्याकडेच बघेल.